मुदत, आकडा आणि साक्षीदार

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांसमोर उद्दिष्ट नसते, असे म्हणणे चूक ठरेल. हिंगणघाटचा शिंपी, आर्वीचा वेल्डर, पुलगावचा गॅरेज मिस्त्री, वर्ध्याच्या बाजारात हातगाडी लावणारा बागवान, कोणालाही विचारून पाहा. एकाला स्वतःचा गाळा घ्यायचा आहे, दुसऱ्याला नवी मशीन, तिसऱ्याला मुलीला बारावीनंतर पुढे शिकवायचे आहे. इरादा सर्वांजवळ आहे. पण दहा वर्षांनी पुन्हा विचारले तर तोच इरादा त्याच शब्दांत ऐकायला मिळतो. गाळा भाड्याचाच असतो आणि मुलगी घरी बसलेली असते.

कष्टात आपले लोक कमी पडत नाहीत. सकाळी नऊला उघडलेले शटर रात्री दहाला खाली येते. मग उणीव कोठे आहे? आमच्या मते ती इराद्याला मुदत, आकडा आणि साक्षीदार नसण्यात आहे. याचा एक उत्तम दाखला आपल्या वर्ध्याशी जोडलेला आहे, आणि तो आपल्याच कौमचा आहे.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हाताच्या कामातून शिक्षण देणाऱ्या नव्या योजनेचा आराखडा करण्यासाठी तिने समिती नेमली. अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसैन, दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाचे कुलगुरू. पुढे सेवाग्रामच्या हिंदुस्थानी तालीमी संघाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले आणि १९६७ मध्ये ते भारताचे राष्ट्रपती झाले. हे बहुतेकांना ठाऊक असते. वर्ध्याला आले तेव्हा हा माणूस कोणत्या करारात बांधलेला होता, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

जामिया १९२० साली अलीगढला सुरू झाली आणि १९२५ मध्ये दिल्लीला आली. खिलाफत चळवळ ओसरली तसा तिचा पैसा आटला. बर्लिनहून अर्थशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आलेले झाकिरसाहेब १९२६ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, या डबघाईला आलेल्या संस्थेचे प्रमुख झाले. १९२७ च्या अखेरीस जामियाचा मोठा आधार असलेले हकीम अजमल खान वारले. संस्था बंद करावी, असेही बोलले जाऊ लागले. तेव्हा, १९२८ मध्ये, झाकिरसाहेब व त्यांच्या काही सहकाऱ्यांनी लेखी प्रतिज्ञा केली: २० वर्षे जामियाची सेवा करू आणि महिना १५० रुपयांपेक्षा जास्त पगार घेणार नाही. प्रत्यक्षात हातात पडे ते याहूनही कमी असे.

या प्रतिज्ञेची बांधणी पाहण्यासारखी आहे. ‘जामियासाठी झटू’ एवढेच त्यांनी म्हटले नाही. मुदत ठरली, २० वर्षे. आकडा ठरला, १५० रुपये. आणि साक्षीदार होते, कारण प्रतिज्ञा एकट्याने मनात केलेली नव्हती. सोबत्यांनी मिळून केलेली होती. एखाद्याचे मन डळमळले तरी बाकीचे समोर बसलेले असत. वर्ध्याचे काम आले तेव्हा या प्रतिज्ञेला नऊ वर्षे झाली होती. त्यांनी नवे काम स्वीकारले, पण जुने सोडले नाही. १९४८ पर्यंत ते जामियाच्याच प्रमुखपदी राहिले. आज जामिया केंद्रीय विद्यापीठ आहे.

आता आपल्या बाजारात या. हे तीनही गुण आपल्या अंगात आहेतच. रमजानचे रोजे आपण पाळतो. वर्ध्याच्या मे महिन्यातला रमजानसुद्धा आपण पाहिलेला आहे. तेथे महिना ठरलेला असतो, सहेरी आणि इफ्तारची वेळ मिनिटावर ठरलेली असते आणि सारा मोहल्ला सोबत असतो. भिशीचेही तसेच. जो कारागीर घरच्या डब्यात महिन्याला पाचशे रुपये टिकवू शकत नाही, तोच भिशीचे पंधराशे न चुकता भरतो. कारण भिशीत तारीख असते, रक्कम असते आणि अकरा जण वाट पाहत असतात. माणूस तोच, कमाई तीच. फरक बांधणीचा आहे.

म्हणून आम्ही सुचवतो की भिशीलाच उद्दिष्ट जोडा. बारा जणांची, महिना पंधराशेची भिशी म्हणजे एका वेळी १८ हजार रुपये. सुरुवातीलाच प्रत्येकाने सर्वांसमोर सांगावे की माझी रक्कम कशासाठी आहे: शिलाई मशीन, ग्राइंडर की मुलीची फी. रक्कम मिळाल्यावर महिनाभरात पावती दाखवावी. भिशी मात्र साधी ठेवावी. लिलावाच्या भिशीत गरजू माणूस तोटा सोसून पैसे उचलतो आणि व्याजापासून दूर राहण्याचा आपला हेतूच त्यात बुडतो.

यावर एक आक्षेप येईल की आमची कमाई एकसारखी नसते. तो खरा आहे. आपला जिल्हा कापसाचा. दिवाळीनंतर शेतकऱ्याच्या हाती पैसा आला की शिंप्यापासून गादीवाल्या पिंजाऱ्यापर्यंत सर्वांचा हंगाम असतो आणि पावसाळ्यात बाजार ओस पडतो. अशा धंद्यात रोजची ठरावीक रक्कम निभत नाही. तेथे हिस्सा ठरवावा. गल्ल्यात आलेल्या नफ्यातला दहावा भाग बाजूला, मग तो दोनशे असो वा वीस. मंदीच्या दिवशी वीसच रुपये पडले तरी नियम मोडला नाही, हे महत्त्वाचे. थोडे पण नेमाने केलेले काम अल्लाहला अधिक प्रिय असते, ही शिकवण आपण मशिदीत अनेकदा ऐकली आहे. ती दुकानालाही लागू आहे.

दुसरा आक्षेप नशिबाचा. ‘इन्शाअल्लाह, होईल’ असे म्हणून आपण विषय संपवतो. इन्शाअल्लाह हा शब्द काम ठरवणाऱ्याने म्हणायचा आहे, टाळणाऱ्याने नव्हे. ज्याने तारीखच ठरवली नाही, तो कशासाठी इन्शाअल्लाह म्हणतो?

वर्षातून एकदा हिशेब घेण्याची सोयही आपल्या दीनने करून ठेवली आहे. साहिबे निसाब व्यापाऱ्याला चांद्र वर्ष पूर्ण झाल्यावर विक्रीच्या मालावर अडीच टक्के जकात काढावी लागते. त्यासाठी एक तारीख धरून माल मोजावा लागतो, येणे-देणे लिहावे लागते. जो अंदाजाने जकात देतो, त्याला आपला धंदा वाढला की घटला हेही कळत नाही. जो मोजून देतो, त्याने त्याच दिवशी गेल्या वर्षीचे उद्दिष्टही तपासावे. कितपत गाठले, पुढच्या वर्षी किती, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहावे.

शेवटी मुलांविषयी. झाकिर हुसैन समितीच्या आराखड्यात शाळेच्या साडेपाच तासांपैकी ३ तास २० मिनिटे हस्तव्यवसायाला होती. हाताच्या कामाला एवढा मान देणाऱ्या याच समितीने एक धोकाही दाखवला होता: कमाईवर भर देऊन मुलाच्या शिक्षणाचा बळी देऊ नका. आपल्या कारागिराच्या घरात आज हेच घडते. हंगामात हात कमी पडतात म्हणून नववीतला मुलगा ‘चार दिवस’ दुकानावर बसतो आणि शाळेत परतत नाही. गाळ्याचे उद्दिष्ट एक वर्ष लांबले तर ते भरून काढता येते. मुलाचे सुटलेले वर्ष बहुधा पुन्हा हाती लागत नाही. म्हणून दोन उद्दिष्टांत ओढाताण झाली तर आधी कोणते, हेही आजच ठरवून ठेवावे.

बांधवांनो, झाकिरसाहेबांनी २० वर्षे बांधून घेतली होती. आपण एका वर्षापासून सुरुवात करू. येत्या जुम्याला नमाजनंतर दोन विश्वासू दोस्तांना थांबवा आणि त्यांना आपली तारीख व आकडा सांगून टाका.