बसू या, पण...

मराठीतल्या ‘बसणे’ या साध्यासुध्या क्रियापदाचं काय झालंय बघा. ‘आज रात्री बसू या का?’ असं घरी विचारलं तर आजी म्हणेल, ‘बसा की, सतरंजी टाकू का?’ पण हॉस्टेलवर या वाक्याचा एकच अर्थ निघतो. वाढदिवस, सबमिशन संपलं, प्लेसमेंट झालं, प्लेसमेंट नाही झालं, ब्रेकअप, गटारी, थर्टी फर्स्ट... कारण कोणतंही असो, ‘बसणं’ ठरलेलं! मग ज्याला प्यायचं नाही त्याने काय करायचं? रूमवर एम-थ्रीची गणितं सोडवायची?

मित्रांनो, मी न पिणाऱ्यांपैकी. माळ घातलेली नाही, घरी शपथही घेतलेली नाही. नको वाटतं, एवढंच. आणि चार वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, न पिणाऱ्याचं कॉलेज लाइफ अजिबात फुकट जात नाही. फक्त ते आपोआप घडत नाही, त्यासाठी थोडी सेटिंग करावी लागते.

‘पीत नाही म्हणजे बोअर’ हा पहिला आरोप. जरा आठवा, तुमचे खरे मित्र झाले कुठे? ओरलच्या आदल्या रात्री तीन वाजता कुणीतरी थर्मो समजावून सांगितलं तेव्हा. पुरुषोत्तम करंडकाच्या तालमीत, भरत नाट्य मंदिरात ‘अरे आवाज कुणाचा!’ ओरडून घसा बसला तेव्हा. ढोल-पथकात हाताला फोड आले तेव्हा. राजगडाच्या वाटेवर पाणी संपलं आणि एका बाटलीत पाच जणांनी भागवलं तेव्हा. यातल्या एकाही ठिकाणी ग्लास नव्हता. पार्टीत मैत्री साजरी होते, पण ती जमलेली असते दुसरीकडेच.

तरीही पार्टीला जावं. जरूर जावं! लवकर जावं, हातात लिंबू सोडा धरावा (रिकामा हात दिसला की आग्रह सुरू होतो), चकण्यावर आपला हक्क बजावावा आणि एकच जोक तिसऱ्यांदा सुरू झाला की उठावं. ‘का रे पीत नाहीस?’ याला ‘नको रे’ एवढंच उत्तर पुरतं. कारणं देत बसलात तर समोरचा प्रत्येक कारणाला उत्तर शोधतो. इंजिनिअरच तो शेवटी!

आता जरा कडू मुद्दा. तो म्हणजे कॉन्ट्री. सहा जण बसतात. चौघांचं दारूचं बिल, दोघांचा सोडा आणि जिरा राईस. शेवटी कुणीतरी मोबाइल काढून म्हणतो, ‘टोटल भागिले सहा.’ ट्रिपल इंटिग्रेशन करणाऱ्यांना इथे साधी वजाबाकी का जमत नाही? माझ्या ओळखीचा एक मुलगा याच भागाकारामुळे ग्रुपमधून हळूहळू गायब झाला. त्याचं महिन्याचं बजेट मेसच्या बिलाला जेमतेम पुरायचं. पैशाचं बोलायची लाज वाटायची, म्हणून तो ‘अभ्यास आहे’ सांगायचा. ग्रुपने निष्कर्ष काढला, ‘त्याला माणसात मिसळायला आवडत नाही.’ तो दारूला घाबरला नव्हता हो, बिलाला घाबरला होता! दारूचं बिल वेगळं आणि जेवणाचं वेगळं, एवढा एक नियम केला असता तर एक मित्र वाचला असता.

कायद्याचंही बघून घ्या. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय २१ लागतं, व्हिस्की-रमसारख्या दारूसाठी २५, शिवाय परवाना. म्हणजे फर्स्ट इयरच्या फ्रेशर्स पार्टीत ‘एक पेग तरी घे’ म्हणून मागे लागणारा सीनियर बहुतेक वेळा स्वतःच नियमाबाहेर असतो! गाडीचं तर विचारूच नका. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि कॉफी पाजून, डोक्यावर पाणी ओतून उतरत नाही. यकृत आपल्या वेगानेच काम करतं, त्याला सबमिशनची डेडलाइन लागू नाही.

आता थोडं आपल्या, म्हणजे न पिणाऱ्यांच्या जमातीला. एक, प्रवचन देऊ नका. समोरच्याने दुसरा पेग भरला की कॅन्सरची आकडेवारी काढणारा माणस कुणालाच नको असतो. दोन, दर वेळी फुकटचे ड्रायव्हर आणि वॉर्डबॉय होऊ नका. आज मी सोडतो, पुढच्या वेळी रिक्षाचे पैसे आधीच बाजूला काढा, असं स्पष्ट सांगा. पण कुणी बेशुद्धच पडला, हाक मारून उठत नसेल, तर मात्र हिशोब बाजूला. त्याला कुशीवर झोपवा, एकटं सोडू नका आणि १०८ ला फोन लावा. ‘घरी कळेल’ या भीतीपोटी थांबू नका.

आणि तीन, सगळ्यात महत्त्वाचं. ‘ते आपल्याला बोलवत नाहीत’ म्हणून रुसण्यापेक्षा आपणच बोलवा! पहाटे सिंहगड आणि वर पिठलं-भाकरी, शनिवारी कॅरम टुर्नामेंट, वर्कशॉपच्या मागे गिटार, कुणाच्या तरी गावच्या जत्रेला एसटीने. कार्यक्रम ठरवणारा माणूस ग्रुपला कायम हवा असतो, त्याच्या ग्लासात काय आहे हे कुणी बघत नाही. पिणारेही येतात बरं का, आणि खूश होऊन येतात. त्यातल्या कितीतरी जणांना रोज प्यायचं नसतंच, फक्त दुसरा कार्यक्रम कुणी काढलेला नसतो.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘बसू या का?’ म्हणालं, तर बिनधास्त ‘बसू या’ म्हणा. फक्त कुठे बसायचं हे कधीकधी तुम्ही ठरवा. चहाच्या टपरीवरचं बाकडं अजून मोकळंच आहे!