घरी करायला काय लागतं?

मराठी घरात एक प्रश्न असा आहे की जो मुळात प्रश्न नसतोच. "घरी करायला काय लागतं?" चकली विकत आणा, उकडीचे मोदक ऑर्डर करा, नाहीतर पिझ्झा मागवा, कोणीतरी हे वाक्य टाकतंच. त्याला उत्तर अपेक्षित नसतं. तो एक छोटासा निकाल असतो, प्रश्नचिन्ह लावून दिलेला.

गेल्या महिन्यात हा निकाल आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझ्या नणंदेच्या नावे लागला. ती इथे न्यू जर्सीत नर्स आहे. सकाळी सातला ड्यूटी सुरू, ती बारा तासांची. तिने गाडीतून एग मॅकमफिनचा फोटो टाकला आणि पुण्याहून एका काकांचं उत्तर आलं, "अगं, पाव, अंडं आणि चीज! घरी करायला काय लागतं?" खाली चार अंगठे.

मी ठरवलं की या प्रश्नाला एकदा खरंच उत्तर द्यायचं. कारण मी हे सॅंडविच घरी करते, बरंच चांगलं करते, आणि काय लागतं ते मला नीट माहीत आहे.

आधी थोडा इतिहास, कारण तो मजेशीर आहे. एग मॅकमफिन ही स्वतःच एक नक्कल आहे. कॅलिफोर्नियात सॅंटा बार्बरा इथे हर्ब पीटरसन नावाचे गृहस्थ मॅकडॉनल्ड्सचं दुकान चालवायचे. त्यांना एग्ज बेनेडिक्ट फार आवडायचं. म्हणजे अर्धा मफिन, त्यावर डुकराच्या मांसाचा काप, त्यावर पाण्यात शिजवलेलं अंडं आणि वर हॉलंडेज नावाचा लोणी-पिवळ्या बलकाचा सॉस. काटा-सुरीने, निवांत बसून खायचा हॉटेलातला पदार्थ. पीटरसनना तो हातात धरून खाता येईल असा करायचा होता. तयार हॉलंडेज पातळ होऊन ओघळायचा, म्हणून त्याच्या जागी चीजची स्लाइस आली. अंडं मफिनच्या मापाचं गोल व्हावं म्हणून टेफ्लॉनच्या गोल साच्यांचा एक संच बनवून घेतला. १९७१-७२ च्या सुमारास हे सगळं कंपनीचे सर्वेसर्वा रे क्रॉक यांना खाऊ घातलं, त्यांना पटलं, आणि १९७५ पर्यंत ते अमेरिकाभर मिळू लागलं. पीटरसन २००८ मध्ये वारले.

तेव्हा आपण घरी नक्कल करतो ती नकलेची. यात कमीपणा काही नाही. पण एक गोष्ट लक्षात येते. त्या माणसाने पदार्थ शोधला नाही, त्याने पदार्थातली अडचण काढली. सॉस ओघळतो, अंडं पसरतं, दोन्ही हात लागतात, या तीन अडचणी. आता यातला एकेक भाग घरी काय मागतो ते बघू.

पहिला मफिन. इंग्लिश मफिन म्हणजे कपकेकसारखा गोड मफिन नव्हे. हा चपटा, गोल, तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजलेला, बिनगोडाचा पाव. इथे घरोघरी जो मिळतो तो थॉमस ब्रँडचा. सॅम्युअल बाथ थॉमस १८७४ मध्ये इंग्लंडहून न्यूयॉर्कला आले आणि १८८० मध्ये त्यांनी बेकरी काढली. या मफिनच्या आतल्या भोकाभोकांना इतकी किंमत आहे की २०१० मध्ये त्यावरून कोर्टकज्जा झाला. कंपनीतला एक वरिष्ठ अधिकारी प्रतिस्पर्ध्याकडे निघाला होता. मफिन बनवायची पूर्ण रीत फक्त सात जणांना माहीत आहे आणि त्यातला हा एक, असं सांगून कंपनीने त्याला तिकडे जाण्यापासून कोर्टातर्फे रोखलं. त्यामुळे मफिन घरी भाजायचा नाद मी करत नाही. विकत आणते. पण तो सुरीने कापत नाही. काट्याने कडेकडेने टोचायचा आणि हाताने उकलायचा, म्हणजे आतला भाग खडबडीत राहतो. लोणी लावून, तव्यावर उलटा ठेवून, कडा चांगल्या तांबूस होईपर्यंत भाजायचा. घाई केली की पाव ओला लागतो.

दुसरं अंडं. साचा नसेल तर काचेच्या बरणीच्या झाकणाची बाहेरची धातूची कडी चालते. तिला आतून तूप-लोणी फासायचं, मंद आचेवर ठेवायची, अंडं फोडून आत सोडायचं आणि बलक काट्याने फोडायचा. मग साच्याच्या बाहेर चमचा-दोन चमचे पाणी टाकून वर झाकण. ही वाफ महत्त्वाची. पांढरा भाग साधारण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला धरायला लागतो, पिवळा ६५ ते ७० ला. खालून नुसती आच दिली तर तळ चामड्यासारखा होतो आणि वरचा भाग कच्चा राहतो. वाफेने दोन्हीकडून सारखं शिजतं. इडलीवाल्या लोकांना हे समजावून सांगायची गरज नसावी :)

तिसरं चीज. इथे आपल्यातले शौकीन महागडं, मुरलेलं चेडार आणतात आणि मग ते तेल सोडतं. या सॅंडविचला साधी प्रोसेस्ड स्लाइसच हवी. त्यात सायट्रेट किंवा फॉस्फेटसारखे क्षार असतात, ते चीजमधलं पाणी आणि स्निग्धांश एकत्र धरून ठेवतात, म्हणून ती न फुटता मऊ वितळते. अशा चीजचं अमेरिकेतलं पेटंट जेम्स क्राफ्टने १९१६ मध्ये घेतलं. हॉलंडेजची जागा ही स्लाइस घेते ती याच गुणामुळे.

डुकराच्या मांसाचा काप आमच्याकडे होत नाही. त्याऐवजी टर्कीच्या सॉसेजची चपटी टिक्की भाजते. शुद्ध शाकाहारी नाही पण अंड्यापर्यंत चालतं, अशा पाहुण्यांना बटाट्याची टिक्की.

आणि चौथा घटक म्हणजे कागद. हा कोणी मोजत नाही. सॅंडविच तयार झालं की बटर पेपरमध्ये घट्ट गुंडाळून दीड-दोन मिनिटं ठेवायचं. आतल्या वाफेने मफिन किंचित नरम होतो, चीज अंड्याला चिकटतं, सगळं एकजीव होतं. दुकानातल्या चवीतला मोठा वाटा या कागदाचा आहे असं माझं ठाम मत आहे.

या कृतीत गुपित असं काही नाही. मार्च २०२० मध्ये ब्रिटनमधली दुकानं बंद झाली, तेव्हा एप्रिलमध्ये मॅकडॉनल्ड्सने तिथे सॉसेज अँड एग मॅकमफिनची घरगुती कृती स्वतःच जाहीर केली होती. त्यांना धास्ती वाटली नसावी. कृती हातात आली म्हणून गिऱ्हाईक जात नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक.

का जात नाही? कारण गिऱ्हाईक सॅंडविच विकत घेत नाही. सकाळी सव्वासहाला कोणीतरी दुसरं ते करून ठेवतंय, हे विकत घेतं.

आता खर्चाचं बोलू. अंड्यांचे भाव अमेरिकेत बर्ड फ्लूमुळे चढले होते. मार्च २०२५ मध्ये डझनाची सरासरी ६ डॉलर २३ सेंट झाली, तो उच्चांक. म्हणजे अगदी तेव्हाही एक अंडं साधारण अर्ध्या डॉलरला. मफिन, स्लाइस, लोणी धरून घरचं सॅंडविच दुकानापेक्षा बरंच स्वस्त पडतं. हा मुद्दा घरच्या बाजूने खरा आहे.

पण "घरचं म्हणजे पौष्टिक" हा मुद्दा मला तितकासा पटत नाही. दुकानातलं एग मॅकमफिन साधारण ३१० कॅलरीचं, १७ ग्रॅम प्रथिनांचं. न्याहारी म्हणून वाईट नाही. त्यात खटकतं ते मीठ. सोडियम पाऊण ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दिवसाच्या २३०० मिलिग्रॅमच्या मर्यादेचा एक तृतीयांश. हे सोडियम येतं मुख्यतः चीज, मांस आणि पावातून, आणि त्याच तीन वस्तू मी घरी आणल्या तर तेही सोबत घरी येतं. माझ्या ओट्यावर ठेवल्याने ते कमी होत नाही. सासऱ्यांना ब्लड प्रेशर आहे, ते इथे राहायला येतात तेव्हा मी त्यांच्या सॅंडविचमधून सॉसेज काढते आणि चीजची अर्धीच स्लाइस घालते. हा घरच्या खाण्याचा खरा फायदा. घरी आपल्याला हात आखडता घेता येतो. घेतला तर.

मग लागतं काय? वेळ. एकच सॅंडविच ताजं करायचं तर माझ्या घड्याळाने १४ मिनिटं, भांडी धरून २०. सातच्या ड्यूटीवर जाणाऱ्या बाईला ही २० मिनिटं झोपेतून काढावी लागतात. पुण्यातल्या काकांच्या "काय लागतं" चं उत्तर हे आहे, आणि ते पाव-अंडं-चीजच्या यादीत नाही.

मला गंमत वाटते ती वेगळीच. पुण्यात आमच्या आधीच्या पिढीतले पुरुष सकाळी इराण्याकडे जाऊन बन-मस्का, ऑम्लेट-पाव खायचे. डेक्कनवरचं गुडलक तर १९३५ पासूनचं. पाव, लोणी, अंडं, चहा, यातलं घरी न होण्यासारखं काय होतं? (अंडं कदाचित. कित्येक घरांत त्याचा तवा वेगळा आणि तोही गॅलरीत!) पण त्यांना कोणी कधी विचारलं नाही, "घरी करायला काय लागतं?" उलट त्याच्या आठवणी निघाल्या, कौतुक झालं. गोव्यात संध्याकाळी गाड्यावर रोस-ऑम्लेट खाणाऱ्यालाही कोणी विचारत नाही. मग कामावर जाणारी बाई गाडीत बसून चार घास खाते, तिलाच का विचारायचं?

तरी मी घरी करतेच. का? कारण ते छान लागतं, स्वस्त पडतं, आणि मुख्य म्हणजे दुकानाकडून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे, जी आपण पाककृतीत शोधत नाही. तिथे एकच माणूस सगळं करत नाही. एक मफिन भाजतो, एक अंड्यावर असतो, एक गुंडाळतो. आमच्याकडे रविवारी तसंच चालतं. नवरा अंडी करतो, दहावीतली मुलगी मफिन भाजते, धाकटा चीज ठेवून कागदात गुंडाळतो, आणि मी टिक्क्या करते. बारा सॅंडविचं चाळीस मिनिटांत होतात. ती गार करून गुंडाळायची, फ्रिजमध्ये तीन-चार दिवस नीट राहतात. सकाळी ओलसर पेपर टॉवेलमध्ये लपेटून मायक्रोवेव्ह. फ्रीझरमध्ये ठेवायची असतील तर मात्र अंडी आधी फेटून घ्या, कारण शिजलेला पांढरा भाग गोठला की रबर होतो आणि पाणी सोडतो.

मुलीने मध्ये हिरवी चटणी आणि कांदा घालून पाहिला. झकास लागलं. पण मी तिला म्हटलं, याला आता मॅकमफिन म्हणू नकोस. पुलंनी पिग्मॅलियनचं 'ती फुलराणी' केलं तेव्हा नावही आपलं दिलं. भाषांतर एक, रूपांतर वेगळं. घरी करताना दोन्हीचा आनंद आहे, पण आपण काय करतोय ते कळलेलं बरं. नाहीतर "अगदी बाहेरच्यासारखं झालंय" हे कौतुकही धड नाही आणि "बाहेरच्यासारखी चव नाही" ही तक्रारही धड नाही, अशी गत होते.

तर माझं मत थोडक्यात असं. घरी जरूर करा. चवीसाठी करा, पैशासाठी करा, मीठ कमी करायला करा, पोरांना स्टोव्हशी ओळख व्हावी म्हणून करा. पण कोणी विकत घेऊन खाल्लं तर ते आळसाचं सर्टिफिकेट समजू नका. आणि ज्या घरात "घरी करायला काय लागतं" हे म्हणणारा एक आणि ते करणारी दुसरी असते, त्या घरात ते सॅंडविच विकत आणलेलंच बरं.

नणंदेला आता दर रविवारी चार सॅंडविचं जातात. तिने मागितली नव्हती. आमचा रस्ता तिच्या घरावरूनच जातो, आणि बारा करताना सोळा करायला खरोखरच फार काही लागत नाही.