कोशिंबिरीची बाटली

गेल्या महिन्यात एका बागायतदार स्नेह्यांच्या घरी आमचे जेवण झाले. घर सधन, गोठ्यात दोन दुभत्या म्हशी, विहिरीलगत काकडी व टोमॅटो यांचे वाफे, बांधावर कागदी लिंबाची चार झाडे. ताटात काकडीच्या चकत्या आल्या. आणि त्यांवर घालावयास दही नव्हे, दाण्याचे कूट नव्हे, लिंबाची फोडही नव्हे, तर तालुक्याच्या दुकानातून आणलेली एक प्लास्टिकची बाटली आली. तिच्यावर ‘सॅलड ड्रेसिंग’ अशी अक्षरे होती. मुलांनी ती आवडीने पिळली. आम्हीही चाखून पाहिली. चव वाईट नव्हती, आंबटगोड होती, हे प्रथमच सांगून टाकलेले बरे.

जेवणानंतर आम्ही ती बाटली हाती घेऊन तिच्या पाठीवरील बारीक मजकूर वाचला. वेष्टनात मिळणाऱ्या अन्नावर त्यातील घटक उतरत्या क्रमाने, म्हणजे जो अधिक तो आधी, असे छापले पाहिजेत असा आपल्या देशात नियम आहे. नियम शेतकऱ्याच्या मोठ्या उपयोगाचा. पण बियाण्याच्या पिशवीवरचे अक्षर न् अक्षर वाचणारा आमचा शेतकरी घरात येणाऱ्या बाटलीवरचा शब्दही वाचीत नाही. या बाटलीवर पहिले नाव तेलाचे, दुसरे पाण्याचे व तिसरे साखरेचे होते. त्यामागून व्हिनेगर, मीठ, दुधाची भुकटी आणि शेवटी आकड्यांची रांग: ४१५, ३३०, २११.

हे आकडे पुष्कळांस कोड्यासारखे वाटतात, म्हणून थोडा खुलासा करतो. ४१५ म्हणजे झँथन गम. याने पातळ द्रव दाट होतो आणि तेल व पाणी वेगळे पडत नाही. कोबीवर घाण्या रोग पाडणारा जो झँथोमोनस जंतू, त्यालाच साखरेच्या द्रावणात वाढवून हा डिंक मिळवितात. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, मूळचे लिंबातील आंबट सत्त्व. परंतु आज ते लिंबापासून बहुधा काढीतच नाहीत. साठवणीतल्या कांद्यावर जी काळी बुरशी धरते, त्या अ‍ॅस्परजिलस नायगरकडून कारखान्यात साखर आंबवून ते तयार करतात. २११ म्हणजे सोडियम बेंझोएट. आंबट पदार्थांत बुरशी वगैरेंस ते वाढू देत नाही. शेतात ज्यांच्यावर आपण औषधे फवारतो, तेच जीव कारखान्यात पगारी नोकरासारखे राबत आहेत, याची आम्हांस गंमत वाटली.

हे वाचून कोणी दचकू नये. ठरवून दिलेल्या प्रमाणात हे पदार्थ कायद्यास मान्य आहेत. विकतचे तेवढे विष व घरचे तेवढे अमृत अशी आरोळी ठोकणाऱ्यांत आम्ही नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्या घरच्या बांधावर लिंबे गळून पडत आहेत त्या घराने ३३० कशास विकत घ्यावे? ज्या घरी रोज दही लागते त्या घराने दुधाच्या भुकटीस पैसे का मोजावेत? लिंबाचा भाव पडला म्हणून बाजार समितीच्या दारात गाऱ्हाणे मांडावयाचे, आणि परतताना त्याच पैशातून लिंबाची नक्कल घेऊन घरी यावयाचे, हा व्यवहार आम्हांस समजत नाही.

या बाटलीचे कूळ पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत आज सर्वांत अधिक खपणारे ड्रेसिंग ‘रँच’ या नावाचे आहे. रँच म्हणजे गुराघोड्यांचा मळा. कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ स्टीव्ह हेन्सन या गृहस्थांनी व त्यांच्या पत्नीने १९५४ साली एक मळा घेऊन तेथे पाहुण्यांच्या उतरण्याची सोय केली, व त्यास ‘हिडन व्हॅली’ असे नाव दिले. जेवणात भाजीपाल्यावर घालावयास ते ताक, मेयोनेझ व वाळलेला मसाला यांचे मिश्रण देत. पाहुण्यांस ते इतके रुचले की घरी नेण्यासाठी मागणी होऊ लागली. तेव्हा हेन्सन यांनी कोरडा मसाला पुड्यांत भरून टपालाने धाडण्यास आरंभ केला. ताक व मेयोनेझ ज्याने त्याने आपल्या घरचे घालावे. १९७२ साली क्लोरॉक्स या कपडे शुभ्र करण्याच्या द्रावणासाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीने हा धंदा ८० लाख डॉलरांस विकत घेतला. पुढे ताकाऐवजी साधे दूध चालेल असा पुडीत फेरफार झाला, आणि १९८३ साली फळीवर महिनोगणती टिकणारी बाटली निघाली.

या हकिकतीत आमच्या मते सारे मर्म आले आहे. पुडी होती तोवर तिला टिकविण्यासाठी फारसे काही करावे लागत नव्हते, कारण वाळलेला जिन्नस सहसा नासत नाही. ओले व कोरडे एकत्र करून बाटलीत भरले, त्या दिवसापासून दाट करणारे, टिकविणारे व आंबट राखणारे असे तीन पहारेकरी तिच्यावर बसवावे लागले. बाटलीची किंमत देताना आपण पाण्याचे, प्लास्टिकचे, वाहतुकीचे व या पहारेकऱ्यांचे पैसे देतो. मुंबईत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या नोकरदाराने ते द्यावेत, त्यास दुसरा मार्ग थोडा आहे. वाफ्यापासून चुलीपर्यंत ज्याची पन्नास पावले आहेत, त्याने महिनोगणती टिकण्याचे मोल कोणत्या सुखासाठी द्यावे?

हे आम्ही त्या घरी बोलून दाखविले. यजमानांनी मान डोलावली. परंतु त्यांच्या सूनबाई वाढता वाढता थांबल्या व म्हणाल्या, “काका, पहाटे गोठा, मग डबे, दुपारी कांदे निवडायला येणाऱ्या बायांचा चहा, संध्याकाळी मुलांचा अभ्यास. मोहरी फेसायला वेळ कुठून आणू? बाटली यांनीच आणली, पण ती मला हवीच होती.” ओसरीवर एकदोघे हसले. आम्हांस हसू आले नाही. घरच्या चवीचे गोडवे गाणारे बहुतेक लेखक पुरुष असतात, आणि ती चव करणारा हात त्यांचा नसतो. ज्या बाटलीने घरातील एका माणसाची रोजची पंधरा मिनिटे वाचतात, तिला केवळ चैन म्हणून हिणविणे न्यायाचे नाही. बाटली घरात नको असेल तर त्या पंधरा मिनिटांचा हिशोब पुरुषांनीही मांडला पाहिजे. दाणे भाजून सोलणे, लिंबे पिळणे, काकडी चोचवणे ही कामे मिशीच्या आड येत नाहीत.

तथापि वेळ वाचविण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. मेतकूट, भाजणी, सांडगे, कारळ्याची व जवसाची चटणी, हे सारे तयार अन्नच होय. आपल्या आज्यांनी ओल्या-कोरड्याचा भेद नेमका ओळखला होता. जे वाळवता येते ते उन्हाळ्यात वाळवून, भाजून, दळून डब्यात भरावयाचे, आणि दही, ताक, लिंबू, कोथिंबीर ही पान वाढण्याच्या वेळी मिळवावयाची. हेन्सन यांची पहिली पुडी आणि आजीच्या मेतकुटाचा डबा यांची जात एकच. तेव्हा विकतच्या बाटलीशी स्पर्धा करावयाची तर रोज मोहरी फेसून नव्हे; घरात एक कोरडा डबा ठेवून करावी.

आम्ही घरी करून पाहिलेले प्रमाण असे. दोन वाट्या भाजलेल्या शेंगदाण्यांचे जाडसर कूट, अर्धी वाटी भाजलेले तीळ, दोन चमचे भाजलेल्या जिऱ्याची पूड, एक चमचा मिरपूड, चवीपुरते मीठ व साखर. हे मिश्रण घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, पण पंधरा दिवसांपुरतेच करावे, कारण कुटातील तेल जुने झाले की खवट वास येतो. वाटीभर दह्यात अथवा घट्ट ताकात यातील दोन चमचे घातले की कोशिंबीर सिद्ध झाली. चार माणसांच्या ताटास दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. ज्यांस दही नको त्यांनी शेंगदाण्याच्या तेलाचे तीन भाग व लिंबाच्या रसाचा एक भाग घेऊन त्यात चिमूटभर वाटलेली मोहरी टाकावी, आणि झाकण लावून जोराने हलवावे. मोहरीच्या सालीतील चिकटपणामुळे तेल व रस काही वेळ एकजीव राहतात. ४१५ चे काम ती आपल्या ऐपतीप्रमाणे करते. मोहरीचा झणका हवा असेल तर तिची पूड आधी थंड पाण्यात दहा मिनिटे भिजवावी व मगच लिंबू पिळावे. गरम पाणी अथवा आंबट आधी पडले तर झणका नीट उठत नाही. मोहरी थंड पाण्याच्या शिपक्यानेच का फेसतात, याचे कारण हेच.

एक सावधगिरीची सूचना येथे देणे अगत्याचे आहे. कच्ची लसूण तेलात बुडवून ती बरणी दिवसचे दिवस बाहेर ठेवू नये. तेलाखाली हवा पोचत नाही, आंबटपणाही नसतो, आणि अशा जागी बोट्युलिझम या प्राणघातक विषबाधेचे जंतू वाढू शकतात. वासावरून ते ओळखू येईलच असे नाही. घरचे म्हणून निर्धोक, ही समजूत टाकून दिली पाहिजे. लसूण हवी तर त्या वेळेपुरती ठेचावी.

आमच्या संघाच्या महिला सभासदांनी असा कोरडा मसाला करून तालुक्याच्या बाजारी विकण्याचा विचार करावा. त्यासाठी अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, वेष्टनावर घटक व तारीख छापावी लागते. हे सोपस्कार कठीण नाहीत. आपला देश खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून आणतो. अशा वेळी भुईमूग व तीळ पिकविणाऱ्याने आपला माल केवळ पोत्यात भरून द्यावा आणि दुसऱ्याने तो पुडीत भरून विकावा, हे फार दिवस चालू देण्यात अर्थ नाही.

या पंधरवड्यात आम्ही पुन्हा त्या स्नेह्यांकडे गेलो होतो. बाटली अद्याप घरात आहे. आतील माल संपल्यावर सूनबाईंनी ती धुऊन घेतली असून तेल, लिंबू व मोहरी हलविण्यास तिचे तोंड फार सोयीचे पडते, असे त्यांनी सांगितले. हलविण्याचे काम थोरल्या नातवाकडे आहे.