नाव बदललं, काम हरवलं

आमच्या अंबाजोगाईचं जुनं नाव मोमिनाबाद. दोन्ही नावांखाली गाव एकच, हे दप्तरांना कळतं. बाईच्या बाबतीतच का कळत नाही? बाळूताई खरे, विभावरी शिरूरकर, मालतीबाई बेडेकर या एकच. १९३३ च्या ‘कळ्यांचे निःश्वास’मुळे त्या लक्षात राहिल्या. पण लग्नात आडनावच काय, पहिलं नावही बदललेल्या साध्या संशोधक बाईचं काय? संगणकावर सासरचं नाव टाकलं, की माहेरच्या नावाने केलेलं काम अनेकदा सापडत नाही. ‘ऑर्किड’ ही संस्था २०१२ पासून संशोधकांना १६ अंकी क्रमांक मोफत देते. तो तिचा स्वतःचा असतो. त्याखाली तिची सगळी नावं नोंदवता येतात. मैत्रिणींनो, तो जरूर घ्या. पण मी विचारते, नाव बदलायला लावतो समाज, मग निस्तरायचं एकट्या बाईनेच का? ग्रंथालयांनी, विद्यापीठांनी तिची सर्व नावं एकत्र नोंदवलीच पाहिजेत!