सायकलवरचा ओरखडा आणि पाववाल्याचे पाचशे रुपये

गेल्या पावसाळ्यातल्या एका जुम्म्याची गोष्ट. नमाज संपवून बाहेर आलो तर मशिदीच्या भिंतीलगत दोन सायकली एकमेकींवर पडलेल्या. खालची कार्बन फ्रेमची, काळी, चकाचक. वरची पाववाल्या पोराची, मागे जाड लोखंडी कॅरिअर असलेली. कुणीतरी स्कूटर काढताना धक्का लागला असावा. पाव चिखलात सांडले होते आणि पोराच्या सायकलचं हँडल वाकलं होतं.

महागड्या सायकलचा मालक तिशीतला, शिकलेला, एरवी सलाम केल्याशिवाय पुढे न जाणारा तरुण. त्याने सायकल उभी केली, दांडीवर बोट फिरवलं आणि त्याचा चेहराच उतरला. "दीड लाखाची आहे. मागच्या महिन्यात घेतलीय. हे कोण भरून देणार?" पोरगा म्हणाला, "भाईजान, मी तर आत होतो." खरं होतं ते. पण चार लोक जमले, समजूत घालायला लागले, आणि त्या समजुतीतून शेवटी असं निघालं की पोराने पावाच्या गल्ल्यातले पाचशे रुपये द्यावेत आणि विषय मिटवावा. त्याने दिले. मी बाजूला उभा राहून चपला शोधत होतो. चपला समोरच होत्या.

त्या दिवशी तोंड उघडलं नाही, म्हणून आज लिहितोय.

माझ्या अब्बांचं मिरजेत सायकलचं दुकान होतं. दुरुस्ती आणि भाड्याने देणे, दोन्ही. त्यामुळे तो ओरखडा मी जवळून पाहिला तेव्हा मला दुसरंच काही दिसलं. ओरखडा केसाएवढा, वरच्या पारदर्शक थरापुरता. नख फिरवलं तर अडकतही नव्हतं. आणि त्याच सायकलची चेन? काळ्या लगद्याने भरलेली, कड्यांच्या कडा तांबूस झालेल्या. चाक फिरवलं की वाळू दळल्यासारखा आवाज. रंगाला इतकं जपणाऱ्या माणसाने महिन्याभरात चेनला फडकं लावलं नव्हतं.

आता माझं म्हणणं सरळ सांगतो. सायकल स्वच्छ ठेवणं आणि सायकल बिनओरखड्याची ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सायकलसाठी असते. दुसरी बघणाऱ्यांसाठी. आमच्या नव्या सायकलस्वारांनी दोन्हींची गल्लत केली आहे, आणि त्या गल्लतीची किंमत दुसऱ्याकडून वसूल करायला लागले आहेत.

चेनचं गणित कुणीही घरी करून पाहावं. पिनेपासून पिनेपर्यंत अर्धा इंच, म्हणजे 24 कड्या मोजल्या की बरोबर 12 इंच भरायला हव्यात. तेलात माती मिसळली की तिचा पॉलिशपेपर होतो आणि तो पिना आतून खात राहतो. माप एक सोळांश इंचाने वाढलं की चेन बदलावी. एक अष्टमांशाने वाढेपर्यंत चालवली तर ती फ्रीव्हीलचे दातेही सोबत घेऊन जाते. जुन्या अ‍ॅटलस, हर्क्युलसला मडगार्ड असायचं, बऱ्याच सायकलींना पूर्ण चेनकव्हर असायचं. रस्त्यावरचा चिखल चेनपर्यंत सहसा पोचायचाच नाही. या नव्या सायकलींना दोन्ही नाही. म्हणजे जिची चेन सर्वांत जास्त पुसायला हवी, तिच्याच मालकाच्या हातात चेनच्या फडक्याऐवजी रंगाची पॉलिश! काही जण तर गाड्या धुण्याच्या सेंटरवर नेऊन जोराच्या फवाऱ्याने सायकल धुऊन घेतात. बाहेरून लखलखते खरी, पण ते पाणी हबमध्ये घुसतं, ग्रीस धुऊन नेतं आणि छर्रे गंजतात.

"दीड लाखाची वस्तू, मग जपायची नाही का?" असं कुणी विचारेल. जपा की! कार्बनवर खरा मार बसला तर आत तडा जाऊ शकतो आणि तशी फ्रेम चालवणं जिवाशी खेळ आहे, हे मला मान्य आहे. पण त्याची तपासणी वेगळी असते. नाण्याने हलकेच वाजवून पाहतात, एका ठिकाणी आवाज बद्द आला तर शंका घेतात, मग जाणकाराकडे नेतात. आमच्या तरुणाने वाजवून पाहिलं नाही. मोबाइलवर ओरखड्याचा फोटो मात्र काढला. पोलादी सायकलचा रंग उडाला तर तिथे गंज धरतो, म्हणून लगेच रंगाचं बोट फिरवावं. तेही काम दहा मिनिटांचं.

शर्यतीवाले बघा. युरोपातल्या मोठ्या शर्यतींत संघांचे मेकॅनिक रोज संध्याकाळी प्रत्येक सायकल साबण-पाण्याने धुतात, चेन पुसतात, तेल घालतात. आणि तेच स्वार दुसऱ्या दिवशी पडले तर सायकल रस्त्याच्या कडेला टाकून दुसरी घेतात. 2021 ची पॅरिस-रुबे शर्यत भर पावसात झाली. सोनी कोलब्रेली जिंकला तेव्हा तोही आणि सायकलही चिखलाने ओळखू येत नव्हती. याउलट आपल्याकडे ओरखडे पदकासारखे मिरवणारेही आहेत, "सायकल धुतो तो कच्चा स्वार" म्हणणारे. ही दुसऱ्या टोकाची नाटकं. त्यांच्याही चेनचा आवाज मी ऐकला आहे.

अब्बांकडे ताशी भाड्याच्या सायकली होत्या. मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर. गिऱ्हाईक सायकल परत करायला आलं की ते ब्रेक दाबून बघत, घंटी वाजवत, मागचं चाक उचलून फिरवत, आउट आलाय का बघत. रंगाकडे कधी बघितलं नाही. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मात्र दुकानात पाय ठेवायला जागा नसे. दूधवाले, पोस्टमन, मास्तर, सगळे आपापली सायकल घेऊन हजर. ओव्हरहॉलिंगला आमच्याकडे सगळे 'ओव्हरऑइलिंग' म्हणायचे आणि मला अजूनही तोच शब्द जास्त बरोबर वाटतो. रॉकेलच्या परातीत छर्रे धुणं हे माझं काम. दुसऱ्या दिवशी त्या सायकलींना झेंडूचे हार पडत, आणि हाराखाली पोपडे निघालेला रंग तसाच असे. त्याची कुणाला लाज वाटत नव्हती.

2011 च्या जनगणनेत देशातल्या 44.8 टक्के घरांत सायकल होती. त्यातली बहुतेक पाववाल्याच्या सायकलसारखी, कामाची. पण जागा कुणाला मिळते? माझ्या सोसायटीत कार्बनची सायकल लिफ्टमधून वर जाते आणि दिवाणखान्यात भिंतीला टांगली जाते. वॉचमनची आणि भांडी घासायला येणाऱ्या मावशींची सायकल गेटबाहेर पावसात भिजते. आत लावली तर "गाडीला घासेल" म्हणून. ओरखडा पडतो तो स्टँड नसल्यामुळे, आणि त्याचा दंड भरतो तो, ज्याच्याकडे लोखंडी कॅरिअर आहे.

त्या तरुणाला मी नंतर गाठलं. रागावला नाही. "काका, पैशाचा प्रश्न नव्हता, नवीन होती हो," म्हणाला. पैशाचा प्रश्न नव्हता तर पाचशे परत कर, म्हटलं. त्यावर तो हसला.

मशिदीच्या कमिटीतही विषय काढला. भिंतीलगत दहा सायकलींचा लोखंडी स्टँड, इतकंच मागणं. जागा नाही म्हणाले. चारचाकींसाठी पिवळे पट्टे मात्र याच महिन्यात नव्याने मारून झाले आहेत.

तो पोरगा हल्ली जुम्म्याला सायकल रस्त्यापलीकडे विजेच्या खांबाला टेकवतो, पावांवर प्लास्टिक घालतो, आणि आत जाण्याआधी दोनदा मागे वळून बघतो. हँडल अजून थोडं वाकडंच आहे.