हरलेल्या सामन्यांचा शिक्षक



दहावीचा निकाल लागला की आपल्या शाळांमध्ये एक ठरलेला कार्यक्रम होतो. पहिल्या तीन मुलांचा सत्कार, श्रीफळ, पेढे, फलकावर रंगीत खडूने नावं. मग पहिला आलेला मुलगा पुढच्या वर्षीच्या मुलांना 'मार्गदर्शन' करतो. तो बिचारा प्रामाणिकपणे सांगतो की, रोज अभ्यास केला, वर्गात लक्ष दिलं, आईवडिलांचे आशीर्वाद होते. मागच्या बाकांवर बसलेली मुलं टाळ्या वाजवतात आणि होती तिथेच राहतात.

मला दरवर्षी प्रश्न पडतो. ज्याला गणिताची कधी भीती वाटलीच नाही, तो घाबरणाऱ्याला नेमकं काय सांगणार?

माझं मत सांगतो. शिकवणाऱ्याकडे यश हवंच, पण त्याहून जास्त त्याला स्वतःचं अपयश बारकाईने आठवायला हवं. ते मुलांपासून लपवून आपण आपल्याच हातातलं एक चांगलं साधन वाया घालवतो. हे मी शिकलो ते एका टेनिसपटूकडून. त्याचं नाव इव्हान लेंडल.

चार वेळा दारातून परत

लेंडलचा जन्म १९६० चा, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या ओस्त्राव्हा शहरातला. आई ओल्गा स्वतः देशातली नावाजलेली टेनिस खेळाडू. म्हणजे खेळ घरातच होता. पोरगा मोठा झाला, जगातल्या पहिल्या काही खेळाडूंत गेला, पण मोठी स्पर्धा काही हाती लागेना.

टेनिसमध्ये चार मोठ्या स्पर्धा असतात. ऑस्ट्रेलियन ओपन, फ्रेंच ओपन, विम्बल्डन आणि यूएस ओपन. यांना ग्रँड स्लॅम म्हणतात. लेंडल १९८१ साली फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि बोर्गकडून पाच सेटमध्ये हरला. १९८२ आणि १९८३ साली यूएस ओपनच्या अंतिम सामन्यात कॉनर्सकडून हरला. १९८३ सालीच ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात विलँडरकडून हरला. चार अंतिम सामने, चार पराभव. 'ऐनवेळी कच खाणारा' असा शिक्का बसला. आपल्या वर्गातही असे शिक्के असतातच ना? 'हा तोंडी परीक्षेला गडबडतो', 'हिला इंग्रजी जमणारच नाही'.

पाचवा अंतिम सामना १९८४ च्या फ्रेंच ओपनचा. समोर मॅकेन्रो, त्या वर्षीचा जवळजवळ अजिंक्य खेळाडू. लेंडल पहिले दोन सेट हरला. लोकांना वाटलं, झालं, हा पुन्हा गेला. पण त्याने पुढचे तिन्ही सेट जिंकले आणि सामनाही.

कारकिर्दीत त्याने एकूण आठ ग्रँड स्लॅम जिंकल्या, एकेरीची ९४ विजेतेपदं मिळवली, २७० आठवडे तो जगात पहिल्या क्रमांकावर होता. यूएस ओपनमध्ये तर १९८२ ते १९८९ अशी सलग आठ वर्षं तो अंतिम सामन्यात होता.

न सुटलेला प्रश्न

एक गणित मात्र त्याला शेवटपर्यंत सुटलं नाही, ते म्हणजे विम्बल्डन. गवताच्या कोर्टावर चेंडू खाली राहतो, सरपटत येतो. लेंडलला मागच्या रेषेवरून जोरकस फटके मारायची सवय. गवतावर यश मिळवायला तेव्हा सर्व्हिस करून जाळीकडे धावावं लागे. ते त्याला उपजत येत नव्हतं.

मग त्याने काय केलं? टोनी रोश या ऑस्ट्रेलियन खेळाडूला प्रशिक्षक म्हणून घेतलं. रोशने दुहेरीत विम्बल्डन पाच वेळा जिंकली होती, पण एकेरीत १९६८ चा अंतिम सामना तो हरला होता. लेंडल १९८६ साली विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि बेकरकडून हरला. १९८७ साली पुन्हा पोहोचला आणि पॅट कॅशकडून हरला. तो सामना माझ्या पिढीतल्या अनेकांनी शेजाऱ्यांच्या घरी टीव्हीवर बघितला असेल. जिंकल्यावर कॅश प्रेक्षकांतून वाट काढत वर चढून गेला आणि आम्ही सगळे त्याच्याकडेच बघत राहिलो. हरलेल्याकडे कोण बघतो?

१९९० साली तर लेंडलने फ्रेंच ओपन सोडून दिली, फक्त गवतावर जास्त दिवस सराव मिळावा म्हणून. तरी उपांत्य फेरीत एडबर्गकडून हरला. १९९४ साली पाठदुखीमुळे खेळ सोडला तेव्हा कपाटात विम्बल्डनचा करंडक नव्हता.

इथे गोष्ट संपली असती तर ती एका मोठ्या खेळाडूच्या चुटपुटीची गोष्ट झाली असती.

तसाच अडकलेला विद्यार्थी

निवृत्तीनंतर लेंडल बरीच वर्षं टेनिसपासून लांबच होता, गोल्फमध्ये रमला होता. २०११ च्या अखेरीला अँडी मरेने त्याला प्रशिक्षक म्हणून बोलावलं. मरे स्कॉटलंडचा, वय २४. त्याची आई जूडी हीसुद्धा टेनिस प्रशिक्षक. तोपर्यंत मरे तीन ग्रँड स्लॅम अंतिम सामने खेळला होता आणि तिन्हींत मिळून त्याला एक सेटसुद्धा जिंकता आला नव्हता. ब्रिटनमध्ये १९३६ नंतर कोणा ब्रिटिश पुरुषाने विम्बल्डनची एकेरी जिंकली नव्हती. त्या सगळ्याचं ओझं या एका पोराच्या खांद्यावर.

८ जुलै २०१२. विम्बल्डनचा अंतिम सामना, समोर फेडरर. मरेने पहिला सेट जिंकला. ग्रँड स्लॅम अंतिम सामन्यातला त्याचा हा पहिला सेट. पण पुढचे तीन हरला आणि मैदानावर बोलताना रडला. चार अंतिम सामने, चार पराभव. थेट लेंडलसारखंच.

आता बघा, इथे शिक्षकाचं काम सुरू होतं. बरोबर चार आठवड्यांनी, ५ ऑगस्टला, त्याच कोर्टावर, त्याच फेडररला मरेने ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात सरळ तीन सेटमध्ये हरवलं. सप्टेंबरमध्ये यूएस ओपनचा अंतिम सामना आला, मरेचा पाचवा. जोकोविचविरुद्ध दोन सेट जिंकले, पुढचे दोन हरला. जुना मरे इथे कोसळला असता. पण पाचवा सेट त्याने ६-२ असा घेतला. गुरू पाचव्या अंतिम सामन्यात जिंकला होता, शिष्यही पाचव्यातच जिंकला.

७ जुलै २०१३ ला मरेने विम्बल्डन जिंकली. शेवटचा गेम आठवा. ४०-० अशी आघाडी, म्हणजे विजेतेपदासाठी तीन संधी. तिन्ही हुकल्या. उलट जोकोविचलाच गेम घेण्याच्या संधी मिळाल्या. शेवटी चौथ्या संधीवर मरे जिंकला. ७७ वर्षांची प्रतीक्षा संपली. जो करंडक लेंडलला कधी मिळाला नाही, तो त्याच्या विद्यार्थ्याने उचलला.

२०१४ साली दोघं वेगळे झाले, २०१६ साली पुन्हा एकत्र आले. त्या वर्षी मरेने पुन्हा विम्बल्डन जिंकली, दुसरं ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं आणि तो जगात पहिला झाला. मरेच्या तिन्ही ग्रँड स्लॅम लेंडलच्या काळातल्या आहेत.

शांत बसणं हीसुद्धा शिकवणी

लेंडल सामना बघताना दगडी चेहऱ्याने बसायचा. टाळी नाही, आरडाओरडा नाही. तेव्हाच्या नियमाप्रमाणे ग्रँड स्लॅम सामना चालू असताना प्रशिक्षकाला खेळाडूला काही सांगता येत नसे. आपलंही तसंच आहे. मूल परीक्षेच्या वर्गात गेलं की आपण दाराबाहेर. जे द्यायचं ते आधीच देऊन झालेलं असायला हवं. बाहेर येरझाऱ्या घालणारा शिक्षक मुलाची धाकधूक वाढवतो, कमी करत नाही. मला वाटतं, त्या न हलणाऱ्या चेहऱ्याकडे बघून मरेला एवढं तरी कळत असावं की, 'मी इथून गेलेलो आहे. यातून बाहेर पडता येतं.'

नुसतं हरणं पुरत नाही

आमच्या स्टाफरूममध्ये हे बोललो तेव्हा एक सहकारी म्हणाले, "सर, मग काय नापास झालेल्यांनाच शिक्षक करायचं का?" प्रश्न रास्त आहे. नुसतं हरून कोणी शिक्षक होत नाही. लेंडलने हरल्यावर आहार बदलला, व्यायाम वाढवला, घरच्या कोर्टावर यूएस ओपनसारखाच पृष्ठभाग करून घेतला. कुठे चुकलं आणि त्यावर काय केलं, याचा हिशोब त्याच्याकडे होता. तो हिशोब म्हणजे शिकवण्याचं भांडवल.

दुसरं असं की, तोच शिक्षक प्रत्येकाला लागू पडतो असंही नाही. २०१८ साली लेंडलने झ्वेरेव या जर्मन खेळाडूला शिकवायला घेतलं. त्याच वर्षी झ्वेरेवने वर्षाअखेरची मोठी स्पर्धा जिंकली, पण वर्षभराच्या आत दोघं वेगळे झाले. मरेचा प्रश्न लेंडलचाच जुना प्रश्न होता, म्हणून तिथे उत्तर जुळलं. विद्यार्थ्याचा प्रश्न काय आहे ते आधी बघायचं, मग आपल्या पोतडीत हात घालायचा.

माझी लपवलेली प्रगतिपत्रिका

आता स्वतःचं सांगतो. मी गणित शिकवतो आणि नववीच्या सहामाहीत बीजगणितात नापास झालो होतो. कित्येक वर्षं हे वर्गात कधी बोललो नाही. वाटायचं, मुलं मान देणार नाहीत.

मागच्या वर्षी आठवीतल्या एका मुलीने चाचणीत समीकरणांचा प्रश्न कोरा सोडला. विचारलं तर म्हणाली, "सर, तुम्हाला नाही कळणार." ते वाक्य लागलं मला. त्या दिवशी तिला सांगितलं की, मी नेमका इथेच अडकलो होतो. 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' हे पाठ होतं, पण का बदलतं ते कळत नव्हतं. माझ्या सरांनी तेव्हा मला तराजू समोर ठेवून शिकवलं होतं. मीही दुसऱ्या दिवशी किराणा दुकानातून तराजू मागून आणला. एका पारड्यातून वजन काढलं, तर दुसऱ्यातूनही तेवढंच काढावं लागतं, नाहीतर तराजू कलतो. ती हसली. चमत्कार काही झाला नाही. पण पुढच्या चाचणीत तिने तो प्रश्न कोरा सोडला नाही. पहिली पायरी बरोबर होती, दुसरी चुकली होती. चुकलेली पायरी मला दुरुस्त करता येते, कोऱ्या कागदाचं मी काय करणार?

म्हणून एक विनंती आहे. या वर्षी निकालाच्या कार्यक्रमात पहिल्या आलेल्या मुलाचा सत्कार जरूर करा. पण त्याच्या शेजारी एक खुर्ची अशा मुलासाठी ठेवा, जो एकदा आपटला आणि उठला. त्याला विचारा, 'नेमकं कुठे अडलं होतं? मग काय केलंस?' आणि जमलं तर पहिली गोष्ट तुमची स्वतःची सांगा. मागच्या बाकावरची मुलं त्या दिवशी टाळ्या कमी वाजवतील, पण ऐकतील नक्की.