वाण आणि गुण

औषधाने बरे वाटू लागले म्हणजे आपण मराठीत ‘गुण आला’ असे म्हणतो. परीक्षेत मिळतात तेही गुणच आणि माणसाच्या अंगी असतात तेही गुणच. या गुणाचा जुना सोबती म्हणजे वाण. वाण म्हणजे रंग, कांती. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण मी गेली वीस वर्षे वर्गात समजावून सांगत आले आहे, आणि मुले ती बैलांची म्हणून ऐकून सोडून देत आली आहेत. यंदाच्या पावसाळ्यात मात्र ही म्हण एखाद्या कातडीच्या वैद्याने तर रचली नसेल ना, असा संशय मला येऊ लागला.

मी राहते पेणला आणि शिकवते रोह्याला. पेण हे गणपतींचे आणि पापडांचे गाव. रोहा कुंडलिकेच्या काठचे, शेजारी धाटावची कारखान्यांची वसाहत असलेले. कोकण रेल्वे सुरू होते ती इथूनच. दोन्ही गावांना सारखीच मिळालेली देणगी म्हणजे पाऊस. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दिवसांत दोरीवरचा कपडा वाळत नाही, नुसता शिळा होतो. असा दमट कपडा अंगात, त्यावर घाम, त्यावर गाडीतली गर्दी. मग कमरेला, काखेत, मांडीला कंड सुटतो आणि गोल चट्टा उमटतो. कडा लाल आणि उठलेली, मधला भाग निवळलेला. त्याला आपण नायटा म्हणतो किंवा गजकर्ण म्हणतो. गणपतीच्या बारा नावांतही ‘गजकर्णक’ आहेच, तेव्हा गणपतीच्या गावात गजकर्ण असायचेच, असा विनोद कुणी करील. ज्याच्या अंगावर चट्टा आहे त्याला मात्र त्याचे हसू येणार नाही.

श्रावणात मी हमरापूरकडे गणपतीची मूर्ती ठरवायला गेले होते. कारखान्यात रंगाचे काम करणारा तरुण माझा जुना विद्यार्थी निघाला. दोन्ही दंडांवर आणि मानेवर चट्टे. मी काही विचारायच्या आतच त्याची आई म्हणाली, “बाई, मलम लावलं की दोन दिवसांत साफ. सोडलं की आठवड्यात दुप्पट. फेब्रुवारीपासून हेच चाललंय.” ट्यूबचे नाव एका मित्राने सांगितले होते. औषधाच्या दुकानात चिठ्ठी कुणी मागितली नाही आणि याने दाखवली नाही. आता आईच्या कमरेला, बायकोच्या हाताला आणि तीन वर्षांच्या पोराच्या पाठीवरही तसाच चट्टा. घरात माणसे चार, टॉवेल दोन, ट्यूब एक. गुण लागला होता तो असा!

रोह्याची गोष्ट निराळी. दुसऱ्या वर्षाला असलेली एक हुशार मुलगी वर्गात सारखी ओढणी तोंडाशी धरून बसू लागली. तिच्या गालांवर मुरमे होती. मामेबहिणीने तिला एक क्रीम दिले. “पंधरा दिवसांत चेहरा काचेसारखा झाला, मॅडम. सगळ्यांनी विचारलं, काय लावतेस?” पुढे एखादा दिवस क्रीम राहिले की गाल भाजल्यासारखे लाल व्हायचे. उन्हात जळजळ, गॅसपुढे जळजळ. मुरमे पहिल्याहून अधिक, आणि वरच्या ओठावर लव. म्हणून ती पुन्हा तेच क्रीम लावी. दिवाळीनंतर तिला पाहायला मंडळी येणार होती. तिच्या आईने मला बजावून सांगितले, “मॅडम, एवढ्यात सोडायला सांगू नका. पाहुणे एकदा येऊन जाऊ देत.”

गावे दोन आणि दुखणीही दोन, पण दोन्ही ट्यूबांवरच्या बारीक अक्षरांत औषधाची एकच जात होती. ती म्हणजे स्टेरॉइड.

वाचकहो, स्टेरॉइड ही काही पापी वस्तू नव्हे. १९५२ साली अमेरिकेत सुल्झबर्गर आणि विटन या दोघा डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोन कातडीवर लावून गुण येतो असे दाखवून दिले, आणि इसबाने पिडलेल्या असंख्य माणसांना सुखाची झोप लागू लागली. योग्य दुखण्याला, योग्य जागी, मोजके दिवस आणि डॉक्टरच्या नजरेखाली हे औषध आजही मोलाचे आहे. घोटाळा होतो तो त्याच्या स्वभावामुळे. कंड आणि लाली ही आपल्या अंगाने आत शिरलेल्या बुरशीशी चालवलेल्या भांडणाची खूण असते. स्टेरॉइड हे भांडण दाबून टाकते. चोर घरात शिरला म्हणून कुत्रा भुंकत असावा आणि आपण कुत्र्याचेच तोंड बांधावे, तशी ही शांतता. दोन दिवस गाढ झोप लागते. चोराचे काम निर्वेध चालते. नायट्याची नेहमीची कड पुसली जाते, रूप पालटते आणि जाणत्या डॉक्टरलाही क्षणभर चकवा बसतो. १९६८ साली इंग्लंडमध्ये आइव्ह आणि मार्क्स यांनी अशा वेषांतर केलेल्या नायट्याचे वर्णन करून त्याला ‘टिनिया इनकॉग्निटो’ म्हणजे अज्ञातवासातला नायटा असे नाव दिले. पांडवांना अज्ञातवास एक वर्षाचा होता. याला मात्र ट्यूबा पुरतील तेवढा!

जोरदार स्टेरॉइड महिनोन्‌महिने लावले की कातडी पातळ होते. मांडीवर, काखेत भेगांसारखे पट्टे उठतात आणि ते पुढे जात नाहीत. चेहऱ्यावर लाली, मुरमे आणि लव येते, आणि औषध सोडताच जळजळ उसळते. रोह्याच्या त्या मुलीचे झाले ते हेच. ती एकटी नाही. देशातल्या १२ ठिकाणच्या त्वचारोग विभागांनी मिळून केलेली एक पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते, आणि त्यांतल्या २५७ जणांना ते कुणा डॉक्टरने सुचवलेलेच नव्हते. मैत्रीण, शेजारीण, दुकानदार, पार्लरवाली, असे हे आपले वैद्यमंडळ! सरकारने २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना काढून लावण्याच्या १४ स्टेरॉइडांना चिठ्ठीवाचून विकण्यास बंदी केली. कायदा कागदावर आहे; काउंटरवर तो आणायचा तर गिऱ्हाइकालाही थोडा हट्ट धरावा लागेल.

दरम्यान बुरशीही शहाणी झाली आहे. नायट्यावरच्या नेहमीच्या गोळीला दाद न देणारी एक जात ओळखली गेली आणि २०२० साली तिला ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असे नाव मिळाले. त्या नावातले ‘इंडो’ म्हणजे आपला देश. २०२३ साली ती न्यूयॉर्कमध्ये सापडल्याचे अमेरिकेच्या आरोग्य खात्याने जाहीर केले. हा मान आपण मागून घेतलेला नाही, पण मिळाला आहे खरा.

यावर कुणी म्हणेल, ‘त्यापेक्षा जुने तेच बरे!’ जुन्याचा मलाही अभिमान आहे. पहिल्या पावसात आपण ज्याची भाजी करतो त्या टाकळ्याचे संस्कृत नावच ‘दद्रुघ्न’, म्हणजे नायट्याला मारणारा. पण नव्या औषधाचा सोस आपल्या पूर्वजांनाही होता. एकोणिसाव्या शतकात नायट्यावर ‘गोवा पावडर’ प्रसिद्ध होती. नाव गोव्याचे, पण माल ब्राझीलमधल्या अरारोबा नावाच्या झाडाचा. पोर्तुगीजांच्या व्यापारातून तो आपल्याकडे आलेला. १८७६ साली लंडनच्या बाल्मनो स्क्वायर नावाच्या डॉक्टरने ती सोरायसिसवर वापरली आणि पुढे तिच्यापासून नवी औषधे निघाली. ही पावडर आग करी आणि कातडीवर, कपड्यांवर डाग पाडी. त्यामुळे चेहऱ्याला ती रोज चोपडण्याची हौस कुणाला झाली नसावी. जे औषध झोंबते ते स्वतःच लगाम घालते. जे गार वाटते, गुळगुळीत करते आणि वर रंगही उजळते, त्याला लगाम आपणच घालावा लागतो.

आणि जिथे ट्यूबवर नावगावच नसते तिथे तर लगाम धरायला दोरीही नाही. अकोल्याच्या एका घरातल्या आई आणि दोन मुलींची हकीकत २०२३ साली वर्तमानपत्रांत आली होती. पार्लरमधून आणलेले गोरेपणाचे क्रीम तिघींनी लावले, आणि तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. पारा कातडीत रंग तयार होऊ देत नाही, म्हणून उजळपणा येतो. पण तो कातडीवर थांबत नाही, रक्तात उतरतो. आपल्या नियमांप्रमाणे सौंदर्यप्रसाधनात पारा घालण्यास मनाई आहे. नकळत आलाच तर, डोळ्यांची प्रसाधने सोडून, दहा लाख भागांत एका भागाहून अधिक चालत नाही. वाण बदलण्याच्या नादात गुण कुठवर पोचतो, ते पाहा.

मग नवे काही लावूनच पाहायचे नाही काय? अवश्य पाहावे, पण परीक्षा घेऊन. एका वेळी एकच नवी वस्तू. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी दिवसातून दोनदा, आठवडाभर लावावी. लाली, कंड, फोड आले तर उमेदवार नापास. परंतु या परीक्षेत एक पळवाट आहे. तिच्यात स्टेरॉइड हमखास पहिल्या वर्गात येते, कारण लाली दाबणे हेच त्याचे काम. म्हणून दुसरा पेपर वाचनाचा. खोक्यावर ‘आरएक्स’ ही खूण आहे काय? चिठ्ठीवाचून विकू नये असा इशारा आहे काय? घटकांची नावे, बनवणाऱ्याचा पत्ता, तारीख आहे काय?

नावे वाचण्याची एक सोपी खूण मी वर्गात सांगितली. बीटामेथासोन, मोमेटासोन, हायड्रोकॉर्टिसोन, अशी ज्यांच्या शेवटी ‘सोन’ येते ती सारी स्टेरॉइडे. त्यातले सोने डॉक्टरच्या हाती, आपल्या हाती नव्हे. उलट ज्यांच्या शेवटी ‘झोल’ येतो, म्हणजे क्लोट्रिमाझोल, कीटोकोनाझोल, ती बुरशीवरची नावे. ‘झोल’ म्हणताच सारा वर्ग हसला, कारण त्यांच्या बोलीत झोल म्हणजे फसवणूक. इथे नेमके उलटे आहे. अर्थात सगळीच नावे या सूत्रात बसत नाहीत. सर्वांत जोरदार स्टेरॉइडांपैकी एक क्लोबेटासॉल. त्याच्या शेवटी ना सोन, ना झोल. आणि पुष्कळशा ट्यूबांत तर सोन आणि झोल गळ्यात गळे घालून बसलेले असतात. तेव्हा ओळखू न येणारे नाव दिसले की डॉक्टरला विचारावे हे उत्तम.

आणखी दोन गोष्टी. महिनोन्‌महिने स्टेरॉइड लावणाऱ्याने हा लेख वाचून आजच्या आज ट्यूब फेकून देऊ नये. कशी सोडायची ते त्वचारोगतज्ज्ञच ठरवील. आणि नायटा एकाचा नसतो, घराचा असतो. सगळ्यांना एकदम तपासून घ्यावे, टॉवेल वेगळे ठेवावेत, कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावेत, आणि चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध चालू ठेवावे. दिसेनासे होणे म्हणजे बरे होणे नव्हे.

हमरापूरचे ते कुटुंब आता उपचार घेते आहे. सहा आठवड्यांत पोराची पाठ निवळली. बापाला अजून वेळ लागेल. रोह्याच्या मुलीच्या आईशी वाद घालण्याची पाळी माझ्यावर आलीच नाही. मुलगीच एके दिवशी आईला म्हणाली, “आई, ते लोक क्रीम लावलेलं तोंड बघून हो म्हणतील. मग जन्मभर त्यांना तेच दाखवू का?” आई काही वेळ बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मायलेकी डॉक्टरकडे गेल्या. सध्या मुलीचा चेहरा लाल आहे, पुरळ आहे आणि ते निवळायला काही महिने लागतील असे डॉक्टरांनी सांगितले आहे. पाहुण्यांना येऊ नका असे तिने कळवलेले नाही. ती आता ओढणी तोंडावर घेत नाही.

नरकचतुर्दशीला घरोघर पहाटे उटणे निघेल. तेल लागेल, सुगंध दरवळेल. जरूर लावा, फक्त कुणाची कातडी लाल झालेली असेल तर त्याला त्यातून वगळा. आणि यंदा पाटावर बसणाऱ्या प्रत्येकाला पंचा मात्र ज्याचा त्याचा द्या.